अदृश्याला आकार देणारा डोळा
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि आपल्या घराचे आरोग्य

आषाढ लागला की बिरवाडीच्या शिवारात लावणीची घाई सुरू होते. काळ नदी दुथडी भरून वाहू लागते, खाचरांत चिखल होतो आणि घरातील कर्ती माणसे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या पाण्यात वाकून उभी असतात. याच दिवसांत आशाताई दारात येऊन दोन गोष्टी सांगून जातात. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय शेतात उतरू नका आणि ताप आला तर अंगावर काढू नका, ही पहिली. दीड महिन्याच्या बाळाला रोटाव्हायरसची लस द्यायला विसरू नका, ही दुसरी. दोन्ही सल्ले साधे आहेत. परंतु ज्यांच्यापासून आपण जपायचे ते शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. खाचरातील पाणी चिखलाने गढूळ असते, रोगजंतूंनी नव्हे. आणि बाळाच्या दुपट्यावर काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारे?

या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग एका उपकरणाने दिला आहे. त्याचे नाव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. बहुतेक कुटुंबांना ते कधी पाहावे लागत नाही, तरी त्यातून जे दिसले ते लसीच्या, साबणाच्या किंवा तपासणीच्या अहवालाच्या रूपाने घराघरांत पोहोचले आहे. ते कसे काम करते, त्याने काय दाखवले आणि आपल्याला त्याची गरज केव्हा भासते अथवा भासत नाही, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

प्रकाश जेथे थांबतो

निरोगी डोळ्याला एकमेकांपासून साधारण ०.१ मिलिमीटर अंतरावर असलेले दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळचे ठिपके एकच भासतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक ही मर्यादा पुष्कळ खाली आणतो. त्यातून रक्तातील पेशी दिसतात, हिवतापाचे परजीवी दिसतात, रंग दिलेले क्षयरोगाचे जीवाणूही दिसतात. मात्र सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली उत्तमातील उत्तम भिंगही हात टेकते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

ही मर्यादा भिंग घडवणाऱ्याच्या कौशल्याची नाही. ती प्रकाशाच्या स्वभावातच आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ साली हे दाखवून दिले. ते समजण्यासाठी नदीकडे पाहावे. सावित्रीच्या पात्रात मोठी लाट येते आणि नांगरलेल्या होडीवर आदळते तेव्हा लाटेचा आकार बदलतो. त्या बदललेल्या लाटांवरून, होडी न पाहताही, तेथे काहीतरी आहे हे कळू शकते. तीच लाट पाण्यात रोवलेल्या बारीक काडीवरून जाते तेव्हा तिला काडीची दखलही नसते. दृश्य प्रकाशाच्या लाटांची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे. प्रकाशाच्या लाटेपुढे ते काडीसारखे आहेत.

लहान वस्तू पाहायची तर लहान लाट हवी. ती सापडली इलेक्ट्रॉनमध्ये. १९२४ साली फ्रान्सच्या लुई द ब्रॉग्ली यांनी असे मांडले की धावणारा इलेक्ट्रॉन हा केवळ कण नसून त्याला लाटेचेही गुणधर्म असतात आणि त्याचा वेग जितका अधिक तितकी ही लाट आखूड. एक लाख व्होल्टच्या दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००३७ नॅनोमीटर भरते. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ती जवळजवळ दीड लाख पटींनी आखूड आहे.

काचेऐवजी चुंबक

इलेक्ट्रॉन काचेतून पार होत नाहीत. मग त्यांना एकत्र आणणारे भिंग कशाचे करायचे? तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहू दिली की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या झोताला वळवू शकते, हे तोवर ज्ञात झाले होते. या चुंबकीय भिंगांचा उपयोग करून बर्लिनमध्ये माक्स नॉल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. दोन वर्षांत रुस्का यांनी प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकणारे उपकरण तयार केले. या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर.

या कथेतील एक कौटुंबिक धागा वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अर्न्स्ट यांचे धाकटे बंधू हेल्मुट रुस्का हे डॉक्टर होते. हे यंत्र रोगजंतू पाहण्यासाठी वापरले पाहिजे, हे त्यांनी आरंभीच ओळखले. १९३९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या पानांना रोग जडवणाऱ्या विषाणूची चित्रे प्रसिद्ध केली. त्या दिवसापर्यंत विषाणू हा केवळ परिणामांवरून ओळखला जाणारा पदार्थ होता. आता त्याला आकार मिळाला. भारतात १९४० च्या दशकात नीरजनाथ दासगुप्ता यांनी कोलकात्यात असे उपकरण उभारले.

यंत्राची रचना अशी. माणसाहून उंच असा धातूचा एक स्तंभ असतो. त्यातील हवा पूर्णपणे काढून घेतलेली असते, कारण हवेच्या कणांवर आदळून इलेक्ट्रॉन भरकटतात. स्तंभाच्या माथ्यावर टंगस्टनची तार तापवली जाते. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च दाबाने खाली खेचले जातात, चुंबकीय भिंगांतून जाताना एकवटतात आणि नमुन्यावर पडतात. नमुन्याचा जो भाग दाट, तेथे ते विखुरतात आणि चित्रात तो भाग काळा उमटतो. विरळ भागातून ते पार होतात आणि तो उजळ दिसतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड आणि मांस वेगळे उमटते, काहीसा तसाच हा प्रकार. हा झाला पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

दुसऱ्या प्रकारात झोत नमुन्यातून पार केला जात नाही, तर त्याच्या पृष्ठभागावर ओळीओळीने फिरवला जातो. पृष्ठभागातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन टिपून चित्र तयार होते. डासाचे तोंड, फुलाचा पराग, दातावरील किटण यांची उंचसखल, हाताने चाचपावी अशी वाटणारी चित्रे या प्रकारातून येतात.

दोन्हींतील मूळ चित्र मात्र कृष्णधवलच असते. रंग हा प्रकाशाचा गुण आहे आणि येथे प्रकाश नाही. वर्तमानपत्रात पाहिलेला लालभडक किंवा हिरवागार विषाणू हा नंतर संगणकावर रंगवलेला असतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

नमुना आणि त्याची किंमत

निर्वात स्तंभात ओली, जिवंत वस्तू टिकत नाही. म्हणून शरीरातील ऊतीचा तुकडा प्रथम रसायनांत स्थिर केला जातो, त्यातील पाणी काढले जाते, त्याला राळेत घट्ट बसवले जाते आणि हिऱ्याच्या पात्याने त्याचे काप घेतले जातात. काप सुमारे ७० नॅनोमीटर जाडीचे असतात. वहीच्या कागदाच्या जाडीत असे १४०० काप मावतील. त्यांना युरेनियम किंवा शिसे अशा जड धातूंचे क्षार लावले की पेशीचे भाग उठून दिसतात. घशातील स्रावासारखा द्रव नमुना असेल तर रीत याहून सोपी. थेंब बारीक जाळीवर ठेवून त्याला जड धातूचा क्षार लावतात; क्षार विषाणूभोवती साचतो आणि गडद पार्श्वभूमीवर विषाणूची उजळ आकृती उमटते.

या सगळ्याचा अर्थ असा की येथे दिसणारे चित्र नेहमी एका थांबलेल्या क्षणाचे असते. शिवाय ते नमुन्याच्या फार छोट्या भागाचे असते. ही उणीव काही अंशी भरून काढणारी रीत म्हणजे नमुना क्षणार्धात अशा प्रकारे गोठवणे की पाण्याचे स्फटिक न होता ते काचेसारखे स्थिर राहावे. या अतिशीत पद्धतीसाठी झाक दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ साली रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. तीन वर्षांनी याच पद्धतीने करोना विषाणूच्या काट्यातील प्रथिनाची रचना उलगडली आणि लस तयार करणाऱ्यांना नेमके लक्ष्य दिसले.

घाटापलीकडची प्रयोगशाळा

बिरवाडीहून वरंधा घाट चढून भोरमार्गे गेले की पुणे येते. तेथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले; १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्राच्या एका खेड्याचे नाव विषाणूशास्त्राच्या पुस्तकात गेले ते या संस्थेमुळे. १९६५ साली नागपूरजवळील चांदिपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो : एक टोक गोल, दुसरे सपाट.

हा आकार पुढे किती मोलाचा ठरला, ते २००३ साली दिसले. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. ताप, उलटी, झटके, बेशुद्धी असे सारे अत्यंत वेगाने घडत होते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतील रोगकारक प्रयोगशाळेतील पेशींमध्ये वाढवला आणि त्याची ओळख पटवली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, प्रतिद्रव्यांच्या चाचण्या आणि जनुकीय चाचण्या या तिन्हींच्या साह्याने. तो चांदिपुरा विषाणूच होता. जनुकीय किंवा प्रतिद्रव्याची चाचणी करण्यापूर्वी आपण काय शोधतो आहोत हे ठाऊक असावे लागते. सूक्ष्मदर्शकाला ती पूर्वअट नाही. समोर जे असेल ते तो दाखवतो, आणि गोळीसारखा आकार दिसला की शोध असंख्य विषाणूंवरून एका कुळावर येतो. अनोळखी साथीच्या वेळी या यंत्राचे महत्त्व आहे ते यामुळेच.

२०२० साली याच संस्थेने करोना विषाणूचे चित्र घेतले. ३० जानेवारी रोजी केरळमध्ये निदान झालेल्या देशातील पहिल्या रुग्णाच्या घशातील स्रावात विषाणूचे ७ कण टिपता आले. त्यांतील एक विशेष सुस्थितीत होता. त्याचा व्यास ७५ नॅनोमीटर भरला. सहा मिलिमीटर लांबीच्या तांदळाच्या दाण्यावर असे ८० हजार कण एका ओळीत बसतील. कणाभोवती काटे होते आणि त्यांना धरून ठेवणारे आवरण होते. हे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. ताटावरचे तेल साबणाने सुटते त्याच न्यायाने हे आवरणही साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. हात धुण्याच्या त्या सततच्या उपदेशामागे विषाणूची ही रचना होती.

चाकासारखा विषाणू

आता बाळाच्या लसीकडे वळू. लहान मुलांना जीवघेणे जुलाब कशाने होतात, हे फार काळ पुरते उमगले नव्हते. अनेक मुलांच्या शौचाच्या तपासणीत कोणताही जीवाणू सापडत नसे. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतड्याच्या अस्तरातील पेशी विषाणूंनी भरलेल्या दिसल्या. ते सुमारे ७० नॅनोमीटरचे होते, आणि आऱ्या व धाव असलेल्या चाकासारखे. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात. त्यावरून रोटाव्हायरस हे नाव पडले.

या विषाणूला स्निग्ध आवरण नाही. प्रथिनांची तीन पदरी टणक कवचे आहेत. त्यामुळे तो खेळण्यांवर, भांड्यांवर, हातांवर दीर्घकाळ तग धरतो. स्वच्छता कसोशीने पाळणाऱ्या घरांतील मुलांनाही तो गाठतो, आणि म्हणूनच केवळ स्वच्छतेवर न थांबता लस आवश्यक ठरते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. ६, १० आणि १४ आठवडे या वयांत ती तोंडावाटे दिली जाते. लस घेतलेल्या बाळालाही इतर कारणांनी जुलाब होऊ शकतात. अशा वेळी क्षारसंजीवनी, डॉक्टरांनी सांगितलेले जस्त आणि अंगावरचे दूध चालू ठेवणे हाच मुख्य आधार आहे. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर क्षणभरही वाट पाहू नये.

प्रश्नचिन्हाचा जीवाणू

खाचरातील धोका वेगळ्या जातीचा आहे. कोकणात ज्याला सर्रास ‘लेप्टो’ म्हणतात, त्या लेप्टोस्पायरोसिसचा जीवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो. त्याची लांबी ६ ते २० मायक्रॉन असली तरी जाडी अवघी ०.१ मायक्रॉन, म्हणजे १०० नॅनोमीटर असते. लांबीला धागा, जाडीला जवळजवळ विषाणू! त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकात तो नीट दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीची खास योजना करावी लागते. त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. १९०७ साली मूत्रपिंडाच्या ऊतीत तो प्रथम पाहणाऱ्या स्टिम्सन यांना तो प्रश्नचिन्हासारखा वाटला आणि ‘इंटेरोगन्स’, म्हणजे प्रश्न विचारणारा, असे नाव त्यांनी दिले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच्या हालचालीचे रहस्य दाखवले. अनेक जीवाणूंना पोहण्यासाठी बाहेर शेपट्या असतात. याच्या शेपट्या बाह्य आवरणाच्या आत दडलेल्या आहेत : प्रत्येक टोकाकडून एक. त्या आत फिरल्या की सारे शरीर गिरमिटासारखे फिरते. त्यामुळे दाट, चिकट द्रवातही तो पुढे सरकतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून तो पाण्यात व चिखलात उतरतो आणि माणसाच्या त्वचेवरील ओरखडा, भेग, पाण्याने भिजून हुळहुळी झालेली कातडी, तसेच डोळ्यांच्या, नाकाच्या व तोंडाच्या अस्तरातून शरीरात शिरतो. जुलै २०२१ मध्ये महाडला महापुराने वेढले, तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसावा लागला. अशा चिखलात अनवाणी उतरणे म्हणजे या जीवाणूला दार उघडून देणे होय.

म्हणून जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात, शक्य तेथे गमबूट वापरावेत आणि शेतातून परतल्यावर हातपाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. पाण्यात काम केल्यानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांत, कधी महिनाभरातही, एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि ‘मी चिखलात काम केले आहे’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुफ्फुसांत रक्तस्राव होतो.

गाळणीतील बिघाड

निदानासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रत्यक्ष वापरला जातो, असे आज मुख्यतः एक क्षेत्र आहे : मूत्रपिंडाचे आजार. सकाळी उठल्यावर मुलाच्या डोळ्यांभोवती सूज, मग पाय व पोट सुजणे, लघवीला फेस येणे, अशी लक्षणे असतील तर डॉक्टर लघवीतील प्रथिने तपासतात. मुलांतील अशा आजाराच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, मूत्रपिंडाचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निर्दोष दिसतो. प्रथिने तर वाहून जात आहेत, पण गाळणी धड दिसते! हे कोडे १९५७ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सोडवले. गाळणीच्या केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेशींना बारीक पावले असतात आणि ती एकमेकांत बोटे गुंफल्यासारखी बसलेली असतात. या आजारात ती पावले सपाट होऊन एकमेकांत मिसळून जातात.

सुदैवाने यांतील बहुसंख्य मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांचा गुण येतो आणि तुकडा काढण्याची वेळ येत नाही. औषध लागू पडले नाही, वय वेगळे असले, लघवीतून रक्त जाऊ लागले किंवा कुटुंबात अशा आजाराचा इतिहास असला तर तो काढावा लागतो. अशा वेळी आई-वडिलांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी : तुकड्याचा काही भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवला जाणार आहे का? कारण त्यासाठीचे जतनाचे रसायन निराळे असते आणि तो भाग सुरुवातीलाच वेगळा काढलेला बरा. प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागतेच असे नाही; ते डॉक्टरच ठरवतील. मात्र प्रश्न आधी विचारलेला असला म्हणजे पुन्हा सुई टोचण्याची पाळी कदाचित टळू शकते.

गरज नसते तेव्हा

एवढे सामर्थ्य असूनही नेहमीच्या तापात या यंत्राचे काम नाही. ते महाग आहे, त्याला कुशल हात व वेळ लागतो आणि नमुन्यात विषाणू फार थोडे असतील तर ते नजरेतून निसटतात. शिवाय एकाच कुळातील विषाणू सारखे दिसतात. आकारावरून कूळ कळते, व्यक्ती नव्हे. डेंग्यू, लेप्टो, कावीळ, करोना यांचे निदान रक्ताच्या, प्रतिद्रव्यांच्या किंवा जनुकीय चाचण्यांनीच होते आणि ते तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या पातळीवर शक्य असते.

आणखी एक सावधगिरी. रक्ताचा एक थेंब पडद्यावर मोठा करून दाखवायचा, त्यात हलणारे ठिपके ‘विषाणू’ म्हणून ओळखायचे आणि लगेच औषधांची पेटी विकायची, असे प्रकार कोठेही घडू शकतात. वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डेंग्यू, करोना किंवा काविळीचा विषाणू साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जिवंत, वळवळणारा थेंब ठेवता येत नाही. पडद्यावर रंगीत आणि हलणारे काही दिसत असेल तर तो या रोगांचा विषाणू नव्हे, हे निःशंक समजावे.

या उपकरणाने मानवी दृष्टीला हजारो पटींनी खोल नेले. परंतु त्याने दाखवलेले सत्य उपयोगी पडते ते साध्या कृतींतूनच. लसीची तारीख पाळणे, साबणाने हात धुणे, जखम झाकून खाचरात उतरणे, तापाच्या पहिल्याच दिवशी दवाखाना गाठणे, यांसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पाहण्याचे कष्ट इतरांनी घेतले आहेत. त्यांनी जे पाहिले त्यावर वेळेत वागणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि पावसाळ्याच्या दिवसांत तेवढ्यावरच अनेकदा घरातील माणसाचा जीव अवलंबून असतो.